एम.आर्क. अर्धवट राहिलंय, आता पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागेल का?

वाचकाचं पत्र

ताई, मी डोंबिवलीला राहते. बी.आर्क. झाल्यावर लोअर परळच्या एका ऑफिसात काही वर्षं काम केलं आणि २०२३ मध्ये एम.आर्क.ला (वास्तुकलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला) प्रवेश घेतला. विषय अर्बन कॉन्झर्वेशन, म्हणजे शहरी वारसा जतन, कॉलेज मुंबई विद्यापीठाशी संलग्न. तीन सेमिस्टर नीट पार पडली. चौथ्या सेमिस्टरला गिरगावातल्या वाड्यांवर डिसर्टेशन (शेवटचा प्रबंध) चालू होतं, तेवढ्यात आईला पॅरालिसिसचा झटका आला. सगळं तिथेच थांबलं. घरखर्चासाठी पुन्हा नोकरी धरली. आता आई सावरली आहे, म्हणून कॉलेजात गेले, तर माझे गाइड कॉलेज सोडून गेलेले. ऑफिसातले क्लार्क म्हणाले, "मॅडम, सिलॅबस बदलतोय, तुमची टर्म गेली. नव्याने ॲडमिशन घ्या." दोन वर्षांची फी पुन्हा भरणं मला झेपणार नाही. एक मैत्रीण म्हणते, ठाण्यात एक जण ब्लॅक बुक (डिसर्टेशनची बांधीव प्रत) तयार करून देतो, पैसे टाक आणि मोकळी हो. नवरा म्हणतो, आर्किटेक्टचं रजिस्ट्रेशन आहे, काम मिळतंय, कशाला डोक्याला ताप? पण मला शिकवायचं आहे. काय करू?

— स्नेहा, डोंबिवली (नाव बदललं आहे)

उत्तर

प्रिय स्नेहा,

खिडकीतल्या क्लार्कने तोंडी सांगितलं म्हणून कुणाचं एम.आर्क. संपत नाही. ते संपतं विद्यापीठाच्या नियमाने, आणि तो नियम तुम्हाला अजून कुणी दाखवलेला नाही. म्हणून नव्या प्रवेशाचा फॉर्म, फीसाठी कर्ज, ठाण्याचा तो माणूस, हे सगळं तूर्त बाजूला ठेवा. तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उल्लेखच नाही आणि सगळं तिच्यावरच अडलं आहे. चौथ्या सेमिस्टरची तुमची टर्म ग्रँट झाली होती का?

हा प्रश्न मी आधी का विचारते ते सांगते. सेमिस्टर पूर्ण होणं आणि सेमिस्टर पास होणं या विद्यापीठाच्या हिशेबात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही फी भरली, नोंदणी झाली, हजेरी भरली, टर्म वर्कचा ठरलेला भाग दाखवला, की कॉलेज टर्म ग्रँट करतं. त्यानंतर परीक्षा किंवा व्हायवा (तोंडी परीक्षा) दिला नाही, तर तुम्ही गैरहजर किंवा नापास ठरता, पण टर्म तुमच्या नावावर राहते. मग पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा, परीक्षेची फी भरायची, डिसर्टेशन सादर करायचं आणि व्हायवा द्यायचा. टर्म ग्रँट झालीच नसेल, तर चौथ्या सेमिस्टरची पुन्हा नोंदणी करून ते एक सेमिस्टर पुन्हा करावं लागतं. त्यात एका सेमिस्टरची फी जाते, दोन वर्षांची नाही. पहिल्या तीन सेमिस्टरचे गुण आणि क्रेडिट तुमचेच राहतात.

आता हजेरी. मुंबई विद्यापीठाच्या अध्यादेश ६०८६ प्रमाणे ७५ टक्के हजेरी लागते. पण आजारपणासारख्या खऱ्या कारणासाठी कमी पडलेली हजेरी माफ करण्याची सोयही नियमात ठेवलेली आहे आणि त्यासाठी कॉलेजात हजेरी समिती असते. आईच्या आजारपणात हॉस्पिटलच्या फाइलवर तुमचं नाव कुठे ना कुठे असणारच. ॲडमिटच्या कागदावर नातेवाईक म्हणून सही, डिस्चार्ज समरी, फिजिओथेरपीच्या पावत्या. हे सगळं काढून ठेवा. डिसर्टेशनच्या सेमिस्टरला लेक्चर कमी आणि गाइडच्या भेटी जास्त असतात. म्हणून गाइडच्या सह्यांची डायरी किंवा प्रोग्रेस शीट सापडली, तर तिची किंमत हजेरीपत्रकाइतकीच आहे. गाइडना पाठवलेले ई-मेल, त्यांनी शेरे मारून परत केलेले ड्राफ्ट, मधल्या ज्युरीला (परीक्षकांसमोरच्या सादरीकरणाला) लावलेल्या शीटचे फोटो हेही शोधा. ज्युरी झाली असेल, तर त्या दिवसापर्यंत तुमचं काम चालू होतं याला साक्षीदार आहेत.

दुसरा प्रश्न मुदतीचा, आणि इथे मात्र घाई करायला हवी. पदवी किती वर्षांत पुरी करायची याबद्दल यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढली. अभ्यासक्रमाचा मूळ काळ अधिक दोन वर्षं, आणि अगदी अपवादात्मक परिस्थितीत आणखी एक वर्ष, असा तिचा आशय आहे. एम.आर्क. दोन वर्षांचं. तुमचा प्रवेश २०२३ चा. म्हणजे मूळ काळ २०२५ ला संपला आणि त्या हिशेबाने २०२७ पर्यंत दार उघडं आहे. शेवटी तुम्हाला लागू होईल तो तुमच्या विद्यापीठाने तुमच्या अभ्यासक्रमासाठी ठरवलेला आकडा. तो प्रवेशाच्या वर्षी लागू असलेल्या विनियमांत छापलेला असतो. "सिलॅबस" म्हणून आपण जी पीडीएफ उतरवून घेतो, तिची पहिली काही पानं कुणी वाचतच नाही. विषयांची यादी सुरू होण्याआधी पात्रता, कालावधी, पास होण्याचे निकष, केटीचे (राहिलेल्या विषयांचे) नियम असं सगळं तिथेच असतं. २०२३ ची प्रत काढा. आज वेबसाइटवर दिसते ती नको, तुमच्या वर्षाची.

सिलॅबस बदलतोय हे खरं असेलही. पण सिलॅबस बदलला म्हणून जुन्या बॅचची मुलं वाऱ्यावर सोडत नाहीत. जुन्या अभ्यासक्रमाच्या परीक्षा काही सत्रं चालू ठेवतात, नाहीतर जुन्या विषयाला नव्यातला कोणता विषय समकक्ष ते ठरवून देतात. डिसर्टेशनच्या बाबतीत तर हे सोपं असतं, कारण जुन्या आणि नव्या दोन्ही अभ्यासक्रमांत शेवटी एक डिसर्टेशन असतंच. क्लार्कना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्यासमोर यंदाची प्रवेशप्रक्रिया असते आणि तुमच्यासारखी केस वर्षाकाठी एखादीच येते. म्हणून अर्ज प्राचार्यांच्या नावाने द्या आणि त्यात तीनच गोष्टी विचारा. माझी चौथ्या सेमिस्टरची टर्म ग्रँट झाली आहे का? माझ्या प्रवेशवर्षाच्या नियमांनुसार डिसर्टेशन सादर करण्याची शेवटची मुदत कोणती? पुन्हा नोंदणी करायची असल्यास त्याची फी आणि पद्धत काय? अर्जात आजारपणाची कहाणी दोन ओळींत, बाकी पुरावे सोबत जोडून. पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) आणि प्रवेशाचं वर्ष सगळ्यात वर. दुसऱ्या प्रतीवर इनवर्ड (आवक) नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

नियम कुणाचा, हेही एकदा नीट समजून घ्या, म्हणजे चुकीच्या दारात वेळ जाणार नाही. आर्किटेक्ट्स ॲक्ट १९७२ खाली स्थापन झालेली कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर नोंदणी करते आणि शिक्षणाचे किमान निकष ठरवते. एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) की कौन्सिल हा वाद आपल्या कोल्हापूरच्या प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या आर्किटेक्चर कॉलेजच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ८ नोव्हेंबर २०१९ ला निकाल लागला की वास्तुकलेच्या शिक्षणात कौन्सिलचाच शब्द अखेरचा. पण तुमचा पेच परीक्षा आणि पदवीचा आहे. तो विद्यापीठाचा प्रांत. कौन्सिलला ई-मेल करून तुमची टर्म परत मिळणार नाही. कॉलेजकडून उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर कलिनाला विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जा. मात्र हातात तो शिक्का मारलेला अर्ज हवा.

तिथेही काही हललं नाही, तर रस्ता आहे. यूजीसीने एप्रिल २०२३ मध्ये विद्यार्थ्यांच्या तक्रार निवारणाचे विनियम आणले. त्यानुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती हवी आणि तिने १५ कामकाजाच्या दिवसांत आपला अहवाल द्यायला हवा. तो पटला नाही तर १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. माहितीच्या अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर तुमच्या बॅचचे विनियम आणि तुमच्या नावावरची टर्मची नोंद विद्यापीठाकडून मागवता येते. त्याचं उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. पण पहिल्याच दिवशी माहिती अधिकाराची भाषा काढू नका. ज्या विभागात तुम्हाला पुन्हा जाऊन काम पुरं करायचं आहे, तिथली माणसं तुमच्या बाजूने राहायला हवीत. आणि जाता जाता एक. "आधी सगळे पैसे भरा, मग मूळ सर्टिफिकेट देऊ" असं कुणी म्हणालं, तर विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीने मनाई केली आहे, हे लक्षात ठेवा.

गाइडचं सांगते. गाइड कॉलेज सोडून गेले म्हणजे तुमचं डिसर्टेशन अनाथ झालं असं नाही. गाइड नेमणं विभागाचं काम आहे आणि एक गेला तर दुसरा देणं हेही त्यांचंच काम. वेगळा अर्ज विभागप्रमुखांना द्या. त्यासोबत मंजूर झालेला सिनॉप्सिस (विषयाचा आराखडा) जोडा आणि आजवर काय झालं, काय राहिलं हे एका पानात लिहा. नव्या गाइडला कोरी पाटी नको असते. पाच प्रकरणांपैकी तीन लिहून झाली आहेत, फील्डवर्क पूर्ण आहे, विश्लेषण बाकी आहे, हे दिसलं की तो हो म्हणतो. जुन्या गाइडनाही एक फोन करा. ते बाहेरचे सल्लागार म्हणून मदत करू शकतात आणि नव्या गाइडशी दोन शब्द बोलले, तर तुमचं काम हलकं होईल. फक्त विषय बदलायच्या मोहात पडू नका. विषय बदलला की सिनॉप्सिस नव्याने, मंजुरी नव्याने, आणि २०२७ कधी येईल ते कळणार नाही.

आता ठाण्याचा माणूस. याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे, कारण हल्ली मुलं हे फार सहज बोलतात, जणू ब्लॅक बुक म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात सोनेरी अक्षरं ठोकून मिळणारी वस्तू. आधी नियम बघू. यूजीसीचे वाङ्मयचौर्याबद्दलचे विनियम २०१८ चे आहेत आणि ते पदव्युत्तर डिसर्टेशनलाही लागू होतात. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांत सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्षासाठी सुधारित प्रतही देता येत नाही. ६० च्या वर गेलं तर त्या अभ्यासक्रमाची नोंदणीच रद्द. तुमच्याकडे मुदतच २०२७ पर्यंतची. एका वर्षाची बंदी म्हणजे सगळं संपलं. आणि असा माणूस एकच मजकूर किती जणांना विकतो ते तुम्हाला कसं कळणार? पैसेही त्याला आणि धोकाही तुम्हाला. विकत घेतलेल्या मजकुराचं साम्य सॉफ्टवेअरमध्ये दिसलं नाही, तरी व्हायवाला पहिल्या पाच मिनिटांत दिसतं. बाहेरचा परीक्षक प्लॅनवर बोट ठेवून विचारतो, "हा जिना इथे का वळला?" ज्याने तो जिना मोजलेला नाही, त्याला उत्तर देता येत नाही.

आणि तुम्ही तर मोजला आहे. फणसवाडी, मुगभाट, झावबावाडी, खोताची वाडी, यांतल्या कोणत्या घरांची मेजर्ड ड्रॉइंग (मापं घेऊन काढलेले नकाशे) तुम्ही केली ते पत्रात नाही. पण गिरगावात फील्डवर्क करायचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. टेपचं एक टोक मैत्रिणीच्या हातात, दुसरं तुमच्या, मध्ये कुणाच्या तरी वाळत घातलेल्या साड्या. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी आधी "कोण तुम्ही, बिल्डरकडून आलात का?" विचारणार आणि पटल्यावर चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत. सामाईक सज्जाच्या लाकडी कठड्याचं प्रोफाइल कागदावर उतरवायचं, जिन्याच्या पायरीची झीज किती, तुळईची जाडी किती, कौलं मंगलोरी की त्यांच्या जागी पत्रा आला, ते लिहायचं. हे काम पुन्हा करता येत नाही, स्नेहा. मेट्रो-३ च्या गिरगाव स्टेशनसाठी तिथल्या इमारती गेल्या. विकास नियमावलीतल्या ३३(७) खाली उपकरप्राप्त (दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती एकामागून एक रिडेव्हलपमेंटला जात आहेत. मुंबईने १९९५ मध्ये वारसा जतनाचे नियम केले, पण वाड्यांतली बरीचशी साधी घरं त्या यादीत कधी आलीच नाहीत. तुम्ही मोजलेल्या घरांपैकी एखादं आज पडलेलंही असेल. तसं असेल तर तुमची ड्रॉइंग ही त्या घराची कदाचित एकमेव मापं आहेत. ती ठाण्याच्या कुणाच्या मजकुराखाली गाडणं मला सहन होणार नाही, तुम्हालाही होऊ नये.

कामाच्या दृष्टीने तर हा मधला खंड डिसर्टेशनमध्ये वापरण्यासारखा आहे. एखादा रविवार काढून त्याच वाड्यांतून पुन्हा फिरा. काय राहिलं, काय गेलं, कुठे नोटीस लागली, कुठे भाडेकरू ट्रान्झिट कॅम्पला गेले ते नकाशावर टिपा आणि एक छोटं प्रकरण लिहा. "पहिल्या सर्वेक्षणानंतर" असं साधं नाव द्या. परीक्षकाला विलंबाचं उत्तर तिथेच मिळेल आणि संशोधनाला असा एक पदर मिळेल जो वेळेत सादर करणाऱ्या मुलांना मिळू शकला नाही.

नोकरीचं थोडक्यात. एम.आर्क. पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, म्हणून पुन्हा नोंदणी करावी लागली तर ऑफिसशी आधीच स्पष्ट बोला. बिनपगारी रजा, अर्धवेळ, प्रोजेक्टपुरतं काम, काय जमतं ते ठरवून लेखी घ्या. पूर्णवेळ नोकरी आणि पूर्णवेळ विद्यार्थी असा एकाच काळाचा दुहेरी दाखला पुढे शिक्षकपदाच्या मुलाखतीत अनुभव मोजताना अडचणीत आणतो. कागदपत्रं तपासणारे तारखा जुळवून बघतात. फक्त सबमिशन आणि व्हायवाच राहिला असेल, तर महिन्या-दोन महिन्यांच्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवार पुरतील. डोंबिवली लोकलमध्ये उभ्याने प्रकरणं लिहून होत नाहीत, तेव्हा तो वेळ लेखनाच्या हिशेबात धरू नका.

तुमच्या यजमानांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. कौन्सिलची नोंदणी बी.आर्क.वर होते. दरवर्षी वा ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण चालू ठेवलं, तर एम.आर्क. नसलं म्हणून नावापुढे आर्किटेक्ट लावण्याचा तुमचा हक्क जात नाही. एम.आर्क. झाल्यावर ती अतिरिक्त पात्रता म्हणून नोंदवून घेता येते. ती पूर्ण होईपर्यंत व्हिजिटिंग कार्डावर किंवा बायोडेटात "एम.आर्क." एवढंच लिहू नका, "डिसर्टेशन बाकी" असं स्वच्छ लिहा. पण तुम्हाला शिकवायचं आहे. आर्किटेक्चर कॉलेजात कायम शिक्षक म्हणून उभं राहायचं तर पदव्युत्तर पदवी लागते आणि व्हिजिटिंगच्या तासांवर घर चालत नाही. यजमानांना हे रागाने नको, आकडे मांडून सांगा. चार सेमिस्टरपैकी तीन झाली आहेत, वेळ आणि पैसे फक्त एका सेमिस्टरचे लागणार आहेत, आणि टर्म ग्रँट असेल तर तेवढेही नाही. हा हिशेब त्यांनाही पटेल.

या आठवड्यात दोनच कामं करा. २०२३ चे विनियम मिळवा आणि तीन प्रश्नांचा तो अर्ज शिक्का घेऊन या. हार्ड डिस्कवरची ड्रॉइंग आजच आणखी एका ठिकाणी कॉपी करा, हे वेगळं सांगायला नको. कॉलेजकडून टर्म ग्रँटचं उत्तर आलं की मला कळवा. उत्तर "नाही" असेल, तर पुन्हा नोंदणीच्या अर्जाचा मसुदा पाठवा, मी तो वाचून दुरुस्त करून देईन.